टॉमीच्या तेलाची वाटी

काका गेल्याचा निरोप चिचगडला आला तेव्हा मी खळ्यावर होतो. धानाची मळणी तशीच टाकून निघालो, पण गोंदियाला पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं आणि ओसरीवर जमलेले व्यापारी काकांचे गुण आठवत होते. "बड़े दयालु आदमी थे," एक शेठ म्हणाले, "कुत्ते को भी अपने से पहले नहलाते थे." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं रडतोय... मी हसू दाबत होतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. महिना उलटून गेला, आता बोलतो.

काकांचा तांदळाचा व्यापार. लढाईच्या दिवसांत मालाला वॅगन हवी तर स्टेशनवरच्या गोऱ्या साहेबाची मर्जी सांभाळावी लागे. साहेब विलायतेला निघाला आणि आपला लांब कानांचा कुत्रा कुणी सांभाळेल का, एवढंच त्याने विचारलं. ज्यांनी जन्मात कुत्र्याला दगडाखेरीज काही दिलं नव्हतं ते काका हात जोडून टॉमीला घरी घेऊन आले. पुढचा साहेब कधीतरी चहाला येईल आणि विलायती कुत्रा पाहून खूश होईल, हा हिशेब. पण ओसरीतूनच देवघराची वाट, तिथे कुत्रं बसणार म्हणजे विटाळ. मग काकांनी तोड काढली. त्यांच्या पूजेआधी रोज पहाटे टॉमीला विहिरीवर आंघोळ, शिकेकाई लावून, पौषातसुद्धा. साहेबही हवा आणि सोवळंही हवं. पाणी मात्र काकूने ओढायचं आणि कुडकुडायचं टॉमीने.

आमच्याकडची थंडी कोरडी. टॉमीचं अंग उललं, पाठीवर कोंडा धरला, खाजवून खाजवून कानामागे रक्त आलं. काकांना तो कोंडा मळ वाटला, म्हणून संध्याकाळची आणखी एक आंघोळ. अकलेचा कांदा म्हणावं, तर कांदा निदान भाकरीबरोबर खाता येतो. शेवटी काकूने पितळी वाटीत करंजाचं तेल कोमट केलं आणि टॉमीला चोळायला बसली. तेल कडू, त्यामुळे तो चाटतही नव्हता. तेवढ्यात काका आले.

"काऊन व, हे काय करून राहिली?"

"तेल लावून राहिली. कातडी फुटली त्याची."

"दिव्याचं तेल कुत्र्याले? अन् वाटी बाटवली ते येगळंच!"

"मंग रोजचं धुनं तरी बंद करा."

"कायले? कुत्र्यापायी देव बाटवू?"

वाटी गोठ्याच्या कोनाड्यात गेली. काकू लपूनछपून तेल लावत राहिली, काका पहाटे उभं राहून ते धुवून घेत राहिले. टॉमीची पाठ पार उघडी पडली. नवा साहेब एकदाचा आला, तो ती पाठ पाहून अंगणातूनच परत फिरला. चहा निवला. तरी आंघोळ चालूच.

यंदा कार्तिकात काकांनी अंथरूण धरलं. थंडी पडली तशा त्यांच्याही पायांच्या नळ्या उलल्या, नखांनी ओरबाडून चादरीला रक्ताचे डाग पडू लागले. मी भेटायला गेलो होतो. काकू गोठ्यात गेली, ती वाटी घेऊन आली आणि त्यांचे पाय चोळू लागली. काकांचे डोळे मिटलेले होते.

"टॉमीचीच वाटी हाय ना?"

काकूचा हात थांबला. "हो."

"मंग थांबली काऊन? लाव..."

मला वाटलं, आता तरी या माणसाला कळलं. आता त्या जनावराची सुटका होईल. दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातून आवाज आला, "टॉमीले धुतलं का?"

"धुतलं जी," काकू म्हणाली. टॉमी चुलीजवळ कोरडा ठणठणीत झोपला होता.

आता वाटी ओसरीवर, काकांच्या आरामखुर्चीच्या हातावर उघडी ठेवलेली असते. या पौषात टॉमीला कुणी एकदाही आंघोळ घातलेली नाही. पाठीवर तपकिरी केस उगवू लागलेत. भेटायला येणारे हळहळतात, मालक गेला, आता हे मुकं जनावर झुरून मरेल. काकू त्यांना चहा देते आणि वाटी पुढे ओढून टॉमीची पाठ चोळायला बसते.