आरतीभर उचललेली करवत

आम्ही द्राक्षाचे जुने मांडव उतरवतो. ज्यांची बाग थकली, किंवा ज्यांना द्राक्षाचा वैताग येऊन पेरू लावायचाय, त्यांच्या शेतात जायचं, तारा सैल करायच्या, गंजलेले लोखंडी अँगल कापायचे, टेंपोत भरायचे आणि रान मोकळं करून द्यायचं. नाशिकमध्ये मांडव उभारणारे पुष्कळ. उतरवणारा म्हणून माझी ओळख करून दिली, की लग्नघरी लोक मला जरा मागेच उभं करतात.

या कामात माझी एकच पात्रता आहे असं मी वर्षानुवर्षं समजत होतो : उंची. म्हणजे फार नाही, पण हात वर केले की मांडवाला पुरतात. हात वर करून लोखंड कापायचा ग्राइंडर चालवायचा, हेच माझं कौशल्य. आणि मागच्या पावसाळ्यानंतर उजव्या खांद्यानं नेमका त्याविरुद्धच संप पुकारला. शर्ट घालताना माझ्या तोंडून जे आवाज यायचे, ते ऐकून शेजारच्या काकू "काही हवंय का?" म्हणून विचारून जायच्या.

आमची ही धंद्यात माझ्या बरोबरीची. टेंपो ती चालवते, भाव ती ठरवते. डॉक्टरांकडून परत येताना तिनं गाडीतच निकाल लावला.

"दादाच्या दुकानात खुर्ची रिकामी आहे."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. पंचवटीत त्याचं खतं-औषधांचं दुकान. तिथं पंख्याखाली बसून लोकांना बुरशीनाशकाच्या पुड्या काढून द्यायच्या. काम वाईट नाही. पण मेहुण्याच्या दुकानात, मेहुण्याच्या खुर्चीवर, मेहुण्याचा चहा पीत बसायचं, आणि त्यानं दर गिऱ्हाइकाला सांगायचं, "हे आमचे दाजी, हल्ली इथंच असतात." खुर्ची चालली असती, तो 'हल्ली' चालला नसता.

"एक संधी दे," मी म्हणालो. "ग्राइंडर सोडतो. दुसरं मशीन घेऊ."

"त्यानंही खांदा दुखला तर?"

"तर दुकान."

"पहिल्याच कामात ठरवायचं," ही म्हणाली. "नंतर कुरकुर नाही."

पहिलं काम सायखेड्याचं निघालं. बागाईतदार भले गृहस्थ, पण फोनवर आधीच बजावून बसले. "ग्राइंडर आणायचा नाय. शेजारच्यानं थंडीसाठी सगळ्या घडांना पेपर गुंडाळल्यात. तुमची एक ठिणगी गेली, तर बाग नाय, रद्दीचं गोदाम पेटंल."

ठिणग्यांशिवाय लोखंड कापायचं म्हणजे रेसिप्रोकेटिंग सॉ. नाव घेताना दात हलतात. तलवारमाशासारखं तोंड पुढं काढलेलं मशीन, आणि त्यात करवतीचं पातं खटाखटा मागं-पुढं होतं. एक असलं आमच्याकडं आधी होतं. मी मोबाइलवर चित्र बघून मागवलेलं. दोन बागांत त्याचं पातं धरायचं तोंड सैल झालं आणि पातं उडून जांभळीच्या झाडात जाऊन बसलं. ते अजून तिथंच आहे. त्यामुळं या वेळी दुकानात जाऊन, हातात घेऊन, दिवसभर राबेल असंच घ्यायचं ठरलं.

टिकाऊपणाबद्दल माझा एक सिद्धांत आहे. जड ते टिकाऊ. घरातली भांडी, गाद्या, सासरे, सगळ्यांना तो लागू पडलाय. दुकानात गेल्या गेल्या मी सगळ्यांत दणकट मशीन उचललं. दुकानदारानं त्याचं पुढचं धातूचं कवच दाखवलं, चावीशिवाय पातं बदलायची कळ दाखवली. फळीवरच्या शिकंज्यात अँगलचा तुकडा अडकवून मला चालवायला दिलं. मी ते ग्राइंडरसारखं अधांतरी धरलं. अँगल नाचला, शिकंजा नाचला, काउंटरवरचे स्क्रूचे डबे सरकायला लागले.

"शेठ, पुढची पट्टी लोखंडाला टेकवा! दाबून धरा!" दुकानदार ओरडला.

पट्टी टेकवली आणि सगळं एकदम शांत झालं. पातं लोण्यासारखं उतरलं. खाली फक्त लोखंडाचा किस. ठिणगी नाही.

"हेच द्या," मी म्हणालो.

"थांबा," ही म्हणाली. "कामात तुम्ही हे खाली धरणार आहात का?"

"नाही. वर."

"मग वर धरा. एक आरती होईपर्यंत."

दुकानात गर्दी होती. मी तिच्याकडं बघितलं. ती गंभीर होती. मी मशीन डोक्यावर उचललं आणि हिनं पुटपुटत आरती सुरू केली. गल्ल्यावर दुकानदाराचे वडील डुलक्या घेत बसले होते. त्यांना जाग आली, आणि सवयीनं त्यांच्या टाळ्या सुरू झाल्या. खिळे घ्यायला आलेल्या एकानं चपला काढल्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत मी हसतमुख होतो. तिसऱ्याला मशीन हळूहळू माझ्या टाळूवर येऊन टेकलं.

"तू मध्येच संथ केलीस," मी म्हणालो.

"संथ नाही केली. अशीच म्हणतात. तुम्ही गणपतीत घाई करून म्हणता, कारण मोदक दिसत असतात."

मग एक बॅटरीवालं आलं. हलकं फूल. ते मी आरतीभर एका हातानं तोलून दाखवलं. शिवाय आजूबाजूला बघितलंही. पण त्यानं दोन अँगल कापल्यावर हिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा.

"हे तापलं."

"ताई, घरगुती कामाला एक नंबर आहे," दुकानदार म्हणाला.

"आमच्या घरात मांडव नाहीये," ही म्हणाली.

तिसरं मधलं होतं. वायरवर चालणारं, त्यामुळं आमच्या जनरेटरला जोडता येणारं. पुढचं कवच धातूचं, पातं बदलायची कळ घट्ट, आणि मूठ अशी की कंप हातापर्यंत कमी पोहोचावा. हिनं विचारलं, बिघडलं तर कुठं जायचं? दुरुस्ती इथं अंबडलाच होते, सुटे भाग मिळतात, असं कळल्यावर तिनं मान हलवली. मी ते उचललं. आरती झाली. माझे हात वरच. मी विजयानं खाली घेणार, तेवढ्यात गल्ल्यावरच्या आजोबांनी डोळे मिटून पुढची आरती सुरू केली. आपल्याकडं एकावर कोण थांबतं? आजोबांचा आवाज लागलेला, चपला काढलेला माणूस टाळ्या वाजवतोय, अशात मशीन खाली ठेवणं मला धर्मबाह्य वाटलं. दुसरीही पूर्ण केली. चपला काढलेल्यानं शेवटी प्रसाद काय आहे म्हणून विचारलं.

मशीन घेतलं. घरी हळद-कुंकू लागलं. मी मनातल्या मनात मेहुण्याच्या खुर्चीवर दुसऱ्याच कुणाला तरी बसवून टाकलं.

सायखेड्याला पोहोचलो तेव्हा गोदावरीकडून धुकं येत होतं. शेजारच्या बागेत कागदात गुंडाळलेले घड ओळीनं लटकत होते. जणू सगळ्या बागेनं वाचायला पेपर घेतलाय. मी पट्टी टेकवली, दाबली, कापलं. एक ओळ, दुसरी ओळ. किस खाली, ठिणगी नाही. बागाईतदार कमरेवर हात ठेवून बघत होते. "झ्याक हाय," एवढंच म्हणाले, पण माझ्या खांद्याला ते मान्य नव्हतं. त्यानं चहाच्या वेळेला बोलायला सुरुवात केली.

मी चहाचा कप डाव्या हातात घेतला.

"डाव्या हातानं?" ही म्हणाली.

"कप गरम आहे."

"मग डावा हात लाकडाचा आहे का?"

तिनं माझ्या खांद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. रागावली नव्हती, तेच वाईट होतं. "संध्याकाळी दादाला फोन करते," ती हळूच म्हणाली. मला पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

पण काम अर्धं उरलं होतं, आणि सोडून जाता येत नव्हतं. हिनं पदर खोचला, मशीन उचललं. "तुम्ही बसा. मी बघते." हात वर केले, तर पातं अँगलच्या वीतभर खालीच. ही माझ्या खांद्याला लागते. तिनं इकडं-तिकडं बघितलं, बांधावर पडलेलं द्राक्षाचं रिकामं क्रेट आणलं, उलटं घातलं, आणि चढली. आता अँगल तिच्या नाकासमोर. कोपरं खाली, मशीन छातीशी, पट्टी टेकलेली. कापलं. क्रेट पायानं पुढं सरकवलं. पुढचं कापलं.

बागाईतदारीणबाई टोपली घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. "आमच्या बाया थिनिंगला अशाच उभ्या ऱ्हातात," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "दादा, तुम्ही का वो हात वर करून करत व्हता? नवस हाय का काय?"

मी सगळा जन्म द्राक्षाच्या बागांतून काढलाय. विरळणी करणाऱ्या बायका उलट्या क्रेटवर उभ्या राहतात हे मी लहानपणापासून बघतोय. ते उंची कमी असणाऱ्यांसाठी असतं, अशी माझी पक्की समजूत. पुरुषानं हात वर करायचे. माझे हात पुरत होते, म्हणून क्रेटचा विचार करायची कधी गरजच पडली नव्हती. आणि आपण दुकानभर लोकांना टाळ्या वाजवायला लावून मशीन निवडलं होतं, ते कशासाठी, तर गरज नसलेली गोष्ट करता यावी म्हणून.

"उतर," मी म्हणालो. "मी बघतो."

ती उतरली. मी क्रेटवर चढलो आणि माझं डोकं सैल तारांमधून थेट मांडवाच्या वर निघालं. धड खाली, मुंडकं वर. वरून सायखेड्याच्या बागा लांबपर्यंत सपाट हिरव्या दिसत होत्या, पलीकडं नदीकाठची झाडं, आणि मला खालून हिचं हसणं ऐकू येत होतं. ती इतकी हसली की बागाईतदार काय झालं म्हणून विहिरीवरून आले.

"यांना क्रेट नको, पाट द्या," ते म्हणाले.

पाट नव्हता. दोन विटा आणि एक फळी मिळाली. चढलो, कोपरं खाली घेतली, मशीन छातीशी धरलं. एक ओळ कापली. उतरून खांदा गोल फिरवून बघितला. कुरकुरला, पण ओरडला नाही. ही बघतच होती. तिनं तिथंच फोन काढला.

"दादा, ते नाही येत दुकानात. ... नाही, बरे आहेत. विटेवर उभे आहेत."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. पण ती बराच वेळ हसली आणि मला सांगायला नकार दिला.

त्यानंतर वाटणी अशी झाली : एक ओळ तिची, एक माझी. तिची लवकर संपायची, कारण ती कामाच्या वेळी कुणाशी बोलत नाही. दुपारी भाकरी-पिठलं आलं, नंतरच्या चहाचा कप मी उजव्या हातानं धरला, सगळ्यांना दिसेल असा. शेवटची ओळ उरली तेव्हा ऊन कलत होतं. पाळी माझी होती.

"ही मी घेते," ती म्हणाली आणि क्रेटवर चढलीसुद्धा. मला वायर पायात येऊ नये म्हणून धरायला दिली. मी बांधावर बसलो, वायर सोडत राहिलो.