बंद पडलेल्या रेडिओच्या समाचाराला

माझ्यासारख्याने उतारवयात लेखणी हाती धरावी, हे धार्ष्ट्यच आहे. वाचकांनी ते पोटात घालावे. परंतु माझ्या आतेबहिणीच्या यजमानांविषयी कोणी काही लिहून ठेवलेले नाही, आणि सत्तरच्या दशकात मंगरूळपीरच्या पंचक्रोशीत निर्जीव वस्तूंसाठी त्यांच्याइतके हळहळणारे दुसरे माणूस नव्हते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

कोणाचा रेडिओ कायमचा बंद पडल्याचे कानी आले, की भाऊजी धुतलेले धोतर नेसून समाचाराला जात. ओसरीवर मान खाली घालून बसत आणि हलक्या आवाजात विचारत, "जातानी कोन्तं टेशन लागेल होतं?" घरच्यांचे हसू ओसरले, की तो रेडिओ उकिरड्यावर न टाकता आपल्याकडे सोपवण्याची गळ घालत. मग त्याची यथासांग उत्तरक्रिया होई: तांब्याची तार मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे, कर्ण्यातले लोहचुंबक सांडलेल्या सुया वेचायला शिंप्याकडे, लाकडी पेटी कोणाच्या तरी देव्हाऱ्यासाठी, आणि शाबूत व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओतले काचेचे दिवे, कापसात गुंडाळून कपाटात. टॉर्चच्या संपलेल्या सेलांचा तर त्यांनी धसकाच घेतला होता. पोरे ते फोडून आतली काळी भुकटी शाळेच्या फळ्याला फासत आणि उरलेले विहिरीत टाकत. भाऊजींनी परसात त्या सेलांसाठी सिमेंटचे झाकणबंद टाके बांधून घेतले. ताई येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवी. "पाहा बाप्पा, मेलेल्या सेलले पक्कं घर, अन् मले न्हाणीले दार नाही!"

"इहिरीचं पानी नासलं त न्हाशीन कायनं?" भाऊजी आतूनच ओरडत.

एकदा समोरच्या यमुनाबाईंचा रेडिओ बंद पडला. त्यांची दृष्टी गेलेली, लेक पुण्याला कारखान्यात. घरात बोलणारे दुसरे कोणी नाही. व्हॉल्व्ह गेला होता. आता ट्रान्झिस्टरचे दिवस आहेत, फेकून द्या, असे सांगून अकोल्याच्या दुकानदाराने हात झटकले. भाऊजींनी कपाट धुंडाळले. तसला व्हॉल्व्ह निघाला नाही. यमुनाबाई रोज काठी टेकत येत. "भेटला का रे भाऊ? घर खायले उठते मले."

तसा व्हॉल्व्ह एकाच ठिकाणी होता: भाऊजींच्या दिवंगत वडिलांच्या रेडिओत. तोही दुसऱ्याच बिघाडाने केव्हाच मुका झालेला. परंतु भरतकामाच्या आच्छादनाखाली अखंड होता, आणि त्याला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. त्या दिवशी मी तिथेच बसलो होतो. चहाची कपबशी पुढे ठेवत ताई म्हणाली, "अवो, लोकायच्या बापाचे रेडिओ उघडता, मंग आपल्याच बापाचा काहून नाही?"

"त्याले बाबाचा हात लागेल हाये."

"मंग बाबाच्याच हातानं देल्यासारखं होईन."

चहा तसाच ठेवून भाऊजी उठले, आच्छादन काढून त्याची नीट घडी घातली आणि मागचे स्क्रू सोडवू लागले.

दुपारी यमुनाबाईंचा रेडिओ आधी नुसता घुमला, मग हळूहळू तापला आणि कोणीतरी कापसाचे बाजारभाव सांगू लागले. यमुनाबाईंनी पेटीवर तळहात ठेवला. "आला रे मानूस घरात!" भाऊजी उंबऱ्यात उभे राहून ते भाव शेवटपर्यंत ऐकत राहिले, वास्तविक त्यांना कापूस विकायचा नव्हता.

आता भाऊजीही नाहीत आणि यमुनाबाईही नाहीत. तुमच्या घरात असा एखादा मुका रेडिओ झाकून ठेवलेला असेल, तर तो तुम्ही कोणाला द्याल?