सुनेच्या हातचा मुहूर्त

जनार्दन मोहित्यांचा न्याय फुटपट्टीसारखा सरळ होता, आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. बडोद्याच्या गोरव्यात किरीटभाई पटेलांबरोबर त्यांनी गिअर कापण्याचा कारखाना काढला, तेव्हाच बजावलं होतं: दोघांच्याही घरचं कुणी इथे कामाला येणार नाही. किरीटभाईंनी मान हलवली. मोहिते त्यालाच करार समजले.

नियम त्यांनी आधी स्वतःवरच चालवला. मुलगी यशश्री मेकॅनिकल इंजिनिअर झाली, कारखान्यात येते म्हणाली, तर हे म्हणाले, "तसं केलं तर किरीटभाईंवर अन्याय होईल." पोरगी पुण्याला गेली आणि तिथलीच झाली. "न्याय करता करता घर रिकामं केलंत," असं अहल्याबाई नवऱ्याला अधूनमधून ऐकवत.

यंदा दिवाळीनंतर लाभपाचमीच्या मुहूर्तावर कारखाना पुन्हा उघडला, तर पहिल्या मशीनला कुंकू लावून बटण दाबलं ते किरीटभाईंच्या सुनेनं, हिरलनं. पेढे वाटताना किरीटभाई सहज म्हणाले, "आजथी हिरल पण आपणी साथे." म्हणजे आजपासून सूनही कारखान्यात. मोहित्यांचा पेढा हातातच राहिला. इतका सज्जन माणूस, आणि दिवसाढवळ्या शब्द मोडतो? आता वेगळं व्हावं, असंच त्यांच्या मनात आलं. पण किरीटभाईंच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूसही नव्हता, आणि मोहित्यांना त्याचंच कुतूहल वाटलं. चिडलेल्या माणसाला सहसा कुतूहल वाटत नाही. गृहस्थाचं एवढं मात्र चांगलं होतं.

चहाला दोघंच बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "किरीटभाई, आपलं काय ठरलं होतं?"

"तुम्ही बोलला होता, मी ऐकलं होतं," किरीटभाई आपल्या बडोदी मराठीत म्हणाले. "मला वाटलं, सुरुवातीची भीती आहे, जाईल. पण तुम्ही तर यशश्रीला पुण्याला धाडली. आमच्या घरी सगळे विचारतात, जनार्दनभाई पेढीला आपली मानतात की नाही? घरचं माणूस घातलं नाही, तर पेढी आपली कशी?"

"अहो, तुमच्यावर अन्याय नको म्हणून पाठवली तिला."

किरीटभाई बघतच राहिले. "मारा पर? तो मने पूछवुं तो हतुं."

माझ्यावर अन्याय? मग मला विचारायचं तरी होतंत, एवढंच ते म्हणत होते. त्याच संध्याकाळी मोहित्यांनी यशश्रीला फोन लावून सगळं सांगितलं. "येतेस का? किरीटभाई तर वाटच बघतायत."



"आता नाही जमणार, बाबा," यशश्री म्हणाली. "तेव्हा मात्र धावत आले असते."