शेवटच्या थांब्यावरची अकरा मिनिटं

आगारात तिला सगळे घड्याळताई म्हणतात. बावीस वर्षं ती बसगाड्यांचं वेळापत्रक लावते आणि स्वतःचा डबा मात्र रोज चार वाजता उघडते.

लांबच्या मार्गांवर, शेवटच्या थांब्याला ड्रायव्हरला अकरा मिनिटं विश्रांती मिळते, चहापुरती. ही सोय तिच्या जुन्या साहेबांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये होती. साहेब गेले, मागोमाग त्यांचा संगणकही गेला. तेव्हा तिने नव्या लिनक्स संगणकावर इम्युलेटर बसवून घेतला. जुन्या संगणकाचं हुबेहूब सोंग. त्याची अख्खी डिस्क म्हणजे एकच भलीमोठी फाइल. नव्या फेऱ्यांच्या वेळा त्या डिस्कमध्ये नेऊन टाकल्या की साहेबांचा प्रोग्रॅम आत कामाला लागे. पथ्य एकच होतं : फाइल टाकताना इम्युलेटर बंद हवा. एका वहीत दोघं एकदम लिहायला बसले की कुणाचंच धड राहत नाही.

यंदा कार्यालयाने नवा प्रोग्रॅम आणला. तो उभी बस म्हणजे फुकट गेलेली बस समजतो आणि चार मिनिटांत तिला परत धाडतो. व्यवस्थापकांनी ताईला मुदत दिली. मंगळवारी पाचपर्यंत अकरा लांब मार्गांपैकी जे तयार होतील ते साहेबांच्या प्रोग्रॅमचे छापू, जे होणार नाहीत ते नव्या प्रोग्रॅमचे.

मंगळवारी दोन वाजता दहा मार्ग झाले होते. डोळे चुरचुरत होते. तिने अकराव्याची फाइल टाकली आणि मग पाहिलं, मागे इम्युलेटरची खिडकी उघडीच होती. यादीत सगळ्याच मार्गांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. छपाई सगळी एकदम करायची होती. डिस्कची शेवटची प्रत शुक्रवारची, काम सुरू होण्याआधीची. नवी प्रत उद्या घेऊ, असं ती रोज म्हणत राहिली होती.

एका मार्गाला तास लागतो. म्हणजे पाचपर्यंत तीनच. तिने अंतराप्रमाणे यादी लावली, सर्वांत लांबचा आधी, आणि वरचे तीन घेतले. चौथ्या मार्गावर तिचा नवरा ड्रायव्हर होता. त्याच्या दुखऱ्या कमरेला पट्टा आहे. ती पहिल्या मार्गाला लागली. पाचला तीन कागद व्यवस्थापकांच्या टेबलावर होते. ते म्हणाले, अकरा ठरले होते.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती.

"तीन झाले म्हणे," नवरा म्हणाला.

"तीनच."

"आमचा?"

"चौथा होता."

त्याने पाठीमागची उशी सरळ केली. "पुढं घातला असतास तर आगारात तोंड दाखवायची सोय राहिली नसती मला."

"माहीत आहे."

"मग थर्मास काढून ठेव. आता चहा सिग्नलवर."

तिने माळ्यावरून थर्मास काढला. झाकण कुठे गेलं, ते दोघांनाही आठवेना.