धूर दिसला की यायचं

कोकणात समुद्राकाठच्या एका घरगुती मुक्कामाला राहून आलो आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना एकच विषय. त्यांच्याकडे समुद्र आहे, आपल्याकडे तापी आहे. खोटं नव्हतं ते. बंधाऱ्यामुळे आमच्या शेताखाली नदी अशी फुगून बसते की थंडीतल्या धुक्यात पलीकडचा काठही दिसत नाही. लाटा कुठून आणणार, असं मी विचारून पाहिलं. पण हे ऐकणाऱ्यांतले नाहीत. वर्षभरात केळीच्या बागेकडेला पाहुण्यांसाठी खोल्या उभ्या राहिल्या, एक होडी आली, आणि सारंगखेड्याच्या बाजारातून एक घोडी आली. घोडी शहाणी आहे. दोन फेऱ्या झाल्या की तिसरीला हलत नाही.

सुरत, नाशिक, इंदूरकडून माणसं येऊ लागली. सकाळी होडीतून पक्षी बघायचे, मग प्रकाशा गावची देवळं, ज्यांना हौस आहे त्यांनी तोरणमाळचा घाट चढायचा. होळीच्या दिवसांत सातपुड्यातल्या काठी गावची होळी बघायला जाणारे आमच्याकडे रात्रीपुरते टेकायचे. आणि हिवाळ्यात शनिवार-रविवारी शेतात भरीत. लोकांना सगळ्यात जास्त तेच आवडायचं. मला पाहुणे आवडतात, उगाच खोटं कशाला बोलू. घरात बसून सीरियल बघण्यापेक्षा अनोळखी बाईला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला शिकवणं केव्हाही बरं.

पण भरीत ही आमच्याकडे विकायची गोष्ट नव्हती कधी. सासरे मळ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायचे, त्यावर हिरवी थोराड वांगी टाकायचे आणि शेजारचे लोक आपोआप यायचे. आमंत्रण नाही, निरोप नाही. धूर दिसला की यायचं, एवढीच रीत. कुणी मिरच्या आणायचा, कुणी कांद्याची पात. या सगळ्यांत पहिले पोहोचायचे ते बांधापलीकडचे काका. त्यांचं आणि सासऱ्यांचं शेत एकाच बांधाला लागून, आणि दोघांची दोस्ती शाळेपासूनची.

काका यायचे ते खोड काढायलाच. वांगी सोलून झाली की लाकडी बडगीत ठेचायचं काम सासऱ्यांचं, आणि शेजारी उकिडवं बसून नावं ठेवायचं काम काकांचं. ठेचतोस की मालिश करतोस? मिरची घातली का नुसती दाखवली? मीठ तर त्यांना जन्मात कधी पुरलं नाही. पहिला घास तोंडात गेला की हात पुढे यायचा, मीठ दे. सासरे चिडून म्हणायचे, उद्यापासून येऊ नको. दुसऱ्या आठवड्यात धूर निघाला की काका बांधावर हजर. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, या दोघांचं पटत नाही.

खोल्या झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात काका नेहमीसारखे धूर बघून आले, पंच्यात मिरच्या बांधून. इकडे सतरंज्यांवर पाहुण्यांची रांग. एका हौशी बाईंना वाटलं, हेही कार्यक्रमातलेच. त्यांनी काकांना बडगीजवळ बसवलं, हातात मुसळ दिलं आणि फोटो काढले. काका बसले. मुसळ धरून समोर बघत राहिले. मी पान वाढते म्हटलं तर घरून जेवून आलो म्हणाले, मिरच्या माझ्या हातात दिल्या आणि बांधावरून परत गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. शनिवार-रविवार जाऊ दे, पाहुणे असतात, असं सासऱ्यांनी स्वतःलाच समजावलं. मग एका बुधवारी, खोल्या रिकाम्या होत्या तेव्हा, त्यांनी मुद्दाम पऱ्हाट्या पेटवल्या. धूर सरळ वर चढला, वारा नव्हता. बांधापलीकडे गव्हाला पाणी देत असलेल्या काकांची टोपी आम्हाला दिसत होती. मी म्हटलं, फोन करू का. सासरे म्हणाले, "त्याले काय निरोप धाडना पडस? धूर दखाई गया का तो येस." वांगी भाजून काळी झाली, सोलली, थंडही झाली. टोपी तिथेच हलत राहिली.

शेवटी मीच सासऱ्यांची नजर चुकवून बांधावर गेले. काका, चला ना, आज कोणी पाहुणे नाहीत. काकांनी फावडं बाजूला ठेवलं, हात धुतले, आणि माझ्याशी सुनेशी बोलावं तितक्या मायेने बोलले. "बेटा, आते तुमना तो धंदा शे. धंदानी जागावर फुकट खानं बरं दिखस नही. आनि धूर कोनासाठे शे, हाई दूरथीन काय समजस?"

मला त्यांच्यावर राग आला. मग लक्षात आलं की राग धरायला जागाच नाही. आमच्या मिळकतीवर डोळा असलेला माणूस असता तर हक्काने येऊन जेवला असता. काका आमचा मान राखत होते, धंद्याचा आब राखत होते. इकडे सासरे दोस्तीचा मान राखून बोलावत नव्हते. जन्मात कधी बोलावलं नाही त्याला आता बोलावणं धाडायचं म्हणजे काहीतरी बदललं असं कबूल करणं. दोघांचं भांडण झालं असतं तर किती बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. मी घरी येऊन सांगितलं, काकांचं पाणी चालू आहे, त्यांना सोडून येता येत नाही. सासऱ्यांनी मान हलवली आणि एकट्याने भरीत भाकरी खाल्ली.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी फाटकाशी गाडी थांबली. नाशिकहून एका मुलीने आजोबांसोबत दिवसभराचं बुकिंग केलं होतं, पैसे आधीच भरले होते. ह्यांनी फोनवर नाव लिहून घेतलं, पण ओळखलं नाही. गाडीतून काकांची नात उतरली आणि मागून काका. पांढरा सदरा, इस्त्रीची टोपी, पायात वहाणा. इतक्या वर्षांत काका आमच्याकडे बांधावरूनच आले. फाटकातून येताना त्यांना मी पहिल्यांदाच बघितलं. सासरे ओट्यावरून उठून उभे राहिले. काका ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "मन्हं नाव लिखेल शे ना? आज मी पाव्हना शे."

मग त्यांनी पाहुण्यासारखं सगळं रीतसर केलं. सदऱ्यावर नारंगी जॅकेट चढवून होडीत बसले. ज्या नदीत पोहून ते लहानाचे मोठे झाले तिची माहिती आमचे हे त्यांना सवयीने सांगू लागले, आणि मधेच लक्षात येऊन वल्हं मारायला लागले. घोडीलाही काकांनी नमस्कार केला, बसले मात्र नाहीत. सासरे काठावर उभे राहून होडी परत यायची वाट बघत होते. होडी लागली तसे ते बडगीकडे गेले. बाकीच्या पाहुण्यांचं भरीत पातेल्यात झालं होतं. काकांचं त्यांनी स्वतः वेगळं ठेचलं, कोणाला हात लावू दिला नाही.

केळीच्या पानावर वाढलं, तेही त्यांनीच. काकांनी पहिला घास घेतला. सासरे समोर मांडी घालून बसले होते, मिठाची वाटी गुडघ्याशी. मीही वाट बघत होते, आता हात पुढे येईल, आता काहीतरी खवचट बोलतील. काकांनी सावकाश चावून घास गिळला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. पान स्वच्छ केलं. मग हात धुऊन, पाहुणे म्हणतात तसं, सगळं उत्तम होतं म्हणाले आणि सासऱ्यांना आणि मला मिळून एक नमस्कार केला. नात म्हणाली, आजोबांची कधीची इच्छा होती. गाडी बांधाला वळसा घालून लांबच्या रस्त्याने त्यांच्या घराकडे गेली.

संध्याकाळी बडगी धुवायला घेतली. कडेला थोडं भरीत चिकटून राहिलं होतं, ते बोटाने पुसून तोंडात घातलं. त्यात मिठाचा कणही नव्हता. सासरे ओट्यावर बसले होते. वय झालं, विसरले असतील, असं वाटून मी हलक्या आवाजात म्हटलं, बाबा, आज मीठ राहून गेलं वाटतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बांधाकडे बघत म्हणाले, "ऱ्हायनं नही. मुद्दाम टाकं नही. माले वाटनं, तो मीठ मांगी."