बे दुणे शून्य

सून पुण्याहून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरली. मी भाकरी थापत होते. ती म्हणाली, "आई, सगळं काम चुकलं."

"कुणी सांगितलं?"

"सरांनी. एक उदाहरण दाखवलं. एवढंसं." लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेलं तिने पुढे केलं.

मी म्हटलं, "आधी चपला काढ."

माझा मुलगा लग्नानंतर थोड्याच दिवसांत काविळीने गेला. नवरा त्याच्याही आधी. निफाडकडची द्राक्षबाग दिराने कसायला घेतली आणि मी सुनेबरोबर नाशिकरोडला भाड्याच्या दोन खोल्यांत आले. खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या, बाकी बघण्यासारखं काही नव्हतं. ती कॉलेजात हंगामी शिकवायची आणि पुण्याच्या सरांकडे पीएच.डी. करायची. ती झाली तर कायमची नोकरी लागेल. दिवाळीपर्यंत मार्गी लागली नाही तर तिचा भाऊ येऊन तिला घेऊन जाणार आणि स्थळं बघणार. हे भावाने ठरवलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं, मला तर नाहीच. ती गेली असती तर मी दिराच्या ओट्यावर जाऊन पडले असते.

मी चौथी शिकलेली. तिच्या कागदांवर मला फक्त अक्षरं आणि बाण दिसायचे. शेजारीण एकदा डोकावून म्हणाली, "आजी, सून दिवसभर काय रेघोट्या ओढती?"

"गणित."

"मग आकडे कुठं हायेत?"

"आकडे पाहिजेत तर बाजारात जा."

त्या पत्रिकेवर मात्र आकडे होते. चार आणि दोन. मी विचारलं, हे काय. जेवताना तिने सांगितलं. कोणाला तरी सांगायचंच होतं, आणि घरात मीच होते.

ती ज्या रचनांवर काम करायची त्यांतल्या काहींत एक गुण असतो. एखाद्या लहान जागेतून त्यांच्यापर्यंत वाट येत असेल, तर ती जागा मोठी केली तरी वाट वाढवून नेता येते, अडत नाही. दुसरा गुण सपाटपणाचा. लहान वस्तू मोठीत नीट बसलेली असली तर सपाटाशी जोडल्यावरही ती चेपत नाही. अशा रचना ती बाणांनी जोडून रांगेत मांडायची. रांगेतली प्रत्येक रचना गुणाची असेल तर आख्खी रांग गुणाची, असं तिने सिद्ध केलं होतं. म्हणजे तिला तसं वाटलं होतं.

"आणि सरांनी काय केलं?"

"चारच आकडे घेतले. शून्य, एक, दोन, तीन, पुढे परत शून्य. घड्याळासारखं. रांगेत प्रत्येक जागी हेच चार, दोन्ही गुण असलेले. प्रत्येक बाण दोनाने गुणतो. त्यात बे दुणे शून्य."

"बे दुणे चार."

"तिथे चार म्हणजेच शून्य, आई." मग म्हणाली, "तुमच्या बागेत ठिबकची एकेक नळी तपासली, एकही फुटकी नाही. शेवटच्या वेलीला पाणी जाईल?"

"जोड गळत असला तर नाय जाणार."

"मी नळ्याच तपासल्या. जोड बघितलेच नाहीत. सरांच्या रांगेत जोडाच्या जागी नुसतं शून्य आणि दोन उरतात, आणि त्या तुकड्यात दोन्ही गुण नाहीत."

मी तिच्या ताटात आमटी वाढली. ती जेवली नाही.

पुढे पावसाळाभर घरात बोलणं नव्हतं. ती कॉलेजातून यायची, भिंतीकडे तोंड करून बसायची. मी पलीकडे तांदूळ निवडायचे. मला बाणांतलं कळत नव्हतं, तिला माझ्यातलं कळत नव्हतं. एका छपराखाली दोन बायका असल्या म्हणजे सोबत असते असं लोक म्हणतात. लोकांना काय माहीत. घरमालकांकडे भावाचा फोन यायचा तेव्हा मी जायचे आणि सांगायचे, "ती अंघोळीला गेलीय."

तो एकदा म्हणाला, "मावशी, ती सारखी अंघोळच करते का?"

"उकाडा आहे," मी म्हटलं. बाहेर धो धो पाऊस होता.

नवरात्राच्या सुमारास ती पुन्हा लिहायला लागली. हे ऐकणाऱ्यांना वाटतं मी काही सुचवलं असेन. नाही. मी चहा ठेवला, तोही ती विसरायची. तिने आपला दावा आपणच लहान केला. नळ्यांबरोबर जोडही तपासायचे, तेव्हाच रांग चांगली म्हणायची. आणि वाट हरएक मोठ्या जागेपर्यंत वाढली पाहिजे, ही अट सैल केली. आवाक्यातल्या ठरावीक जागांपुरती वाढली तरी पुरे. तेवढ्यावर काम उभं राहिलं. पहिल्यापेक्षा पुष्कळ लहान, पण सरांना त्यात चूक काढता आली नाही.

दिवाळीनंतर भाऊ गाडी घेऊन आला. तिने त्याला फराळ दिला आणि म्हणाली, "दादा, मी येत नाही. सरांनी प्रबंध द्यायला सांगितलाय."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, तुम्ही तरी सांगा हिला."

"चकली घे," मी म्हटलं.

डिग्री मिळायला पुढचं वर्ष लागलं. नोकरी नाशकात लागली नाही, लांबच्या विद्यापीठात लागली. मला चल म्हणाली. मला तिकडची भाषा येत नाही, मी गेले नाही. ती तिकडे एकटी राहते आणि शिकवते. मी इथे त्याच दोन खोल्यांत आहे, भाडं ती पाठवते. त्या पावसाळ्यातून आम्ही दोघी तरून निघालो.