कॉर्व्हेल टेटला कुणी मोकळं सोडेना

हॉलिस लँडिंगच्या शाळेत कॉर्व्हेल टेटला कधी कुणी अडवू शकलं नाही, आणि पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तेच होतं. तो पळायचा, बाकीचे मागे राहायचे. खेळ अमेरिकी फुटबॉल, हाताने फेकायचा-झेलायचा; चेंडू वरून यायचा, हा झेलायचा. शुक्रवारच्या सामन्याला अख्खं गाव कुंपणाला चिकटलेलं असे आणि कुणीतरी म्हणेच, "सुटलं बघा लोरीनचं पोर." लोरीन त्याची आई. ती मासे सोलायच्या कारखान्यात कामाला होती. पर्ल व्हॅली कॉलेजने पोराला फुटबॉलसाठी फुकट शिक्षण देऊ केलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिथे जाऊन डोकं थंड ठेव. तुझा राग तुझ्या पायांपेक्षा जोरात पळतो."

ते काही त्याला जमलं नाही.

कॉलेजच्या पहिल्याच सरावाला त्याच्यासमोर त्याच्याच संघातला ओडेल मिम्स उभा राहिला. कॉर्व्हेलसारख्यांना चेंडूपर्यंत पोचू न देणं हे मिम्सचं काम. तो त्याच्या दोन वर्षं पुढे, उंचीने बेताचा, पण हात लांब आणि जिभेला हाड नाही.

"हॉलिस लँडिंग?" मिम्स म्हणाला. "तिथे माणसं राहतात होय? मला वाटलं नुसते मासेच असतील."

खेळ सुरू झाला आणि कॉर्व्हेलचं पहिलं पाऊल पडायच्या आत मिम्सचे दोन्ही तळवे त्याच्या छातीवर आदळले. कॉर्व्हेल बुडावर बसला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा कसाबसा निसटला, तर मिम्स खांद्याला खांदा लावून सोबत. वेगात कणभरही कमी नव्हता. असा माणूस कॉर्व्हेलने जन्मात पाहिला नव्हता.

"कोच, तो ढकलतोय," कॉर्व्हेल म्हणाला.

झेल घेणाऱ्या पोरांना शिकवणारे कोच लूथर स्टॅम्प्स तोंडात काडी चघळत उभे होते. "ढकलणारच. चेंडू हवेत जाईपर्यंत त्याला ढकलायची मुभा आहे. आणखी काही रडगाणं?"

पुढच्या आठवड्यात मिम्सने नवीन छळ काढला. कॉर्व्हेल जागेवर उभा राहिला की तो मोठ्याने सांगायचा, "आता हा आत वळणार." कॉर्व्हेल आत वळायचा, तर मिम्स आधीच तिथे हजर. "आता थांबून मागे फिरणार." तेही खरं निघायचं. "याच्याकडे आता चेंडूच येणार नाही, उगाच पळतोय बिचारा." सगळी पोरं हसायची.

कॉर्व्हेलच्या डोक्यात संशयाने घर केलं. डाव कुणीतरी फोडतंय. कोण, तेही त्याने स्वतःशीच ठरवून टाकलं: ग्रेडी पॉलक. ग्रेडी चेंडू फेकणारा, सगळे डाव त्याला पाठ, आणि तो अन् मिम्स एकाच भाड्याच्या घरात राहायचे. आणखी काय पुरावा हवा?

एका दुपारी जेवणघरात सगळा संघ बसलेला असताना तो ग्रेडीच्या टेबलाशी गेला.

"मिम्सला डाव सांगायचे काय घेतोस रे?"

ग्रेडीने तोंडातला घास गिळला. "काय?"

"चोर आहेस तू. आपल्याच माणसांना विकतोस."

"जा बाबा, पाणी पी. ऊन लागलंय तुला."

कॉर्व्हेलने त्याच्या तोंडावर गुद्दा मारला. ग्रेडीचा ओठ फाटला. चौघांनी धरून कॉर्व्हेलला बाहेर काढलं आणि मुख्य कोचनी उरलेल्या हंगामासाठी त्याला बाकावर बसवलं.

स्टॅम्प्सनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी सरावाची चित्रफीत लावली. आवाज बंद. पडद्यावर एकटा कॉर्व्हेल, खेळ सुरू व्हायच्या आधीचा.

"हा पोरगा आता काय करणार?" स्टॅम्प्सनी विचारलं.

"मला काय माहीत, कोच?"

"बघ ना."

त्याने पाहिलं. पडद्यावरचा पोरगा पुन्हा पुन्हा आतल्या बाजूला बघत होता. "आत वळणार," कॉर्व्हेल हळूच म्हणाला. पुढच्या चित्रात तोच पोरगा ताठ उभा होता, टाचांवर भार. "थांबणार." त्यापुढच्यात हात लोंबत होते, कंबर ढिली. "याला चेंडू येणार नाहीये." पळतानाही तेच. वळायच्या आधी छाती वर यायची, पावलं आखूड व्हायची. आंधळ्यालाही कळलं असतं.

"शाळेत तुला मोकळं व्हावं लागलंच नाही," स्टॅम्प्स म्हणाले. "तू नुसता पळून जायचास. इथे सगळेच पळतात. आणि तू ज्याला मारलंस, त्याने काही केलेलं नाही."

कॉर्व्हेलची मान वर होईना. पण ग्रेडीची माफी मागायला पाय उचलले नाहीत. ते त्याने लांबणीवर टाकलं, आणि ती चूक त्याला फार महागात पडली.

उन्हाळ्यात तो घरी गेला नाही. डेल्टाच्या, नदीकाठच्या त्या सखल मुलखाच्या, घामट उकाड्यात स्टॅम्प्स हातात झाडू घेऊन समोर उभे राहायचे आणि छातीवर दांडा हाणायचे. कॉर्व्हेलने तो दांडा हाताने उडवून लावायचा आणि पुढे निघून जायचं. सगळे डाव एकाच तोंडाने, एकाच उभं राहण्याने सुरू करायचे. वेग न मोडता वळायचं. स्टॅम्प्सच्या तोंडून शाबासकी कधी आली नाही. "निदान आता बघवतं," एवढंच.

पुढच्या हंगामात मिम्सची बडबड बंद झाली. सरावात कॉर्व्हेल त्याला रोज चकवू लागला. मिम्स मग मारू लागला. कोपर बरगडीत, बूट पावलावर. कॉर्व्हेलही परत द्यायचा.

पण शनिवारच्या सामन्यात कॉर्व्हेल मोकळा होऊन हात वर करायचा, आणि ग्रेडी दुसरीकडे फेकायचा. दर शनिवारी हेच. संघ जिंकत होता, म्हणून मुख्य कोच काही बोलेनात. शेवटी कॉर्व्हेल ग्रेडीच्या दारात गेला.

"माझं चुकलं. मारायला नको होतं."

"बरं."

"मी मोकळा असतो, ग्रेडी."

"दिसतं मला."

"मग?"

"मग काय? सगळ्यांसमोर चोर म्हणालास. वर्षभराने माफी मागतोस, तीही चेंडू हवा म्हणून. माझा हातच जात नाही तुझ्याकडे."

कॉर्व्हेल वळला, तर ओसरीवर मिम्स बसलेला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ग्रेडी," मिम्स आत ओरडून म्हणाला, "मोठ्या व्यावसायिक संघांची माणसं सराव बघायला येतात. त्यांना काय दिसतं? हा मासेवाला मला रोज धुतो. आणि शनिवारी त्याच्या नावावर एक झेल नाही. ते म्हणतात, मिम्सला कुणीही सोम्यागोम्या चकवतो. फेक त्याच्याकडे. नाहीतर सामान बांध, घराचा भाडेकरार माझ्या नावावर आहे."

पुढच्या शनिवारी ग्रेडीने फेकला. चेंडू मुद्दामच जोरात होता, अंगावर आल्यासारखा. कॉर्व्हेलने धरला. नंतर आणखी आले, एकही हातात सहज बसावा असा नव्हता, आणि त्याने एकही सोडला नाही. लोरीन त्या दिवशी कारखान्यातून सुट्टी काढून आली होती. ती टाळ्या वाजवायच्या ऐवजी पर्स घट्ट धरून बसून राहिली.

सामना संपल्यावर कॉर्व्हेल मिम्सजवळ गेला. "आभार."

"तुझ्यासाठी नव्हतं," मिम्स म्हणाला आणि पाठ फिरवून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

मोठ्या संघांनी दोघांपैकी कुणालाच घेतलं नाही. मिम्स मेम्फिसला गेला. ग्रेडीने पुढे लग्न केलं, सगळ्या संघाला बोलावलं, कॉर्व्हेलला नाही. कॉर्व्हेल हॉलिस लँडिंगला परतला आणि शाळेत पोरांना फुटबॉल शिकवू लागला. गावाला त्याचं शिकवणं आवडत नाही. सगळ्यात वेगवान पोरासमोर तो सगळ्यात खुनशी पोर उभं करतो आणि ढकलू देतो. परवाच एका पोराची आई दुकानात त्याला आडवी आली.

"माझ्या लेकराच्या अंगावर वळ उठलेत, कोच टेट. लाज वाटत नाही?"

"नाही, मॅम," तो म्हणाला आणि पावाची लादी उचलून गल्ल्याकडे गेला. गल्ल्यावरच्या बाईनेही त्याला राम राम केला नाही.